दडविलेला नियम
(सोनपेठ येथील कार्यकर्त्यांपुढील भाषण)

२०१७ च्या राज्य कर्जमाफीत अर्ज ऑनलाइन घेतले गेले, छाननी संगणकावर झाली. यादीत नाव नाही, एवढे शेतकऱ्याला दिसे. कोणत्या नियमाने, हे दिसत नसे. असे प्रोग्राम सुरक्षेसाठी दडवावेत, हा युक्तिवाद फोल आहे. प्रोग्राम मुद्दाम दुर्बोध करता येतो. पण प्रत्येक प्रोग्राम पूर्णतः अभेद्य करणारी सार्वत्रिक पद्धत असूच शकत नाही, हे बोअझ बराक व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये गणिताने सिद्ध केले. निष्णात चोर ती गाठ सोडवितो. अडतो तो सामान्य नागरिक. २०२० मध्ये टीकेनंतर ‘आरोग्य सेतू’चा प्रोग्राम सरकारने खुला केलाच ना? गुप्त राहावी ती किल्ली आणि शेतकऱ्याची खासगी माहिती. हक्क ठरविणारा नियम मात्र चावडीवर लागलाच पाहिजे!