बांधकामावरील पोटठेकेदार : परवाने आणि विमापत्रे यांची नोंद

(ग्रामपंचायतींचे सदस्य, मुख्याध्यापक आणि कनिष्ठ अभियंते यांच्या एकत्रित प्रशिक्षण वर्गात एका निवृत्त अभियंत्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना वाटले असेल की, हा तर कारकुनी विषय. यावर तासभर काय बोलणार? माझ्या नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत माझेही हेच मत होते. सिमेंट किती, वाळू कशी, लोखंडाचा व्यास किती हे अभियंत्याने पहावे आणि ठेकेदाराचे कागद कार्यालयाने पहावेत, अशी वाटणी मी मनाशी करून ठेवली होती. ती वाटणी चुकीची होती हे मला २०१२ साली कळले. त्या प्रसंगापासूनच प्रारंभ करतो.

एका गावात शाळेच्या दोन खोल्यांचे काम चालू होते. काम चांगले होते; परंतु पावसाळ्यामुळे रेंगाळले आणि ठेकेदाराने मुदतवाढ मागितली. कारण योग्य होते म्हणून मी शिफारस केली आणि जूनअखेरपर्यंत मुदत वाढली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेरच्या भिंतीचा गिलावा करीत असता परांचीचा बांबू मोडला आणि एक तरुण बिगारी खाली पडला. तिसऱ्या दिवशी तो दगावला. मागे पत्नी आणि दोन मुले.

त्यानंतर आम्ही कागद काढून पाहिले. ठेकेदाराचे विमापत्र होते, पण त्याची मुदत ३१ मार्चला संपली होती. कामाची मुदत वाढली. विम्याची कोणी वाढविली नाही. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. गिलाव्याचे काम मुख्य ठेकेदाराने एका मिस्त्रीला पोटठेक्याने दिले होते आणि मृत कामगार त्या मिस्त्रीचा होता. विमापत्र चालू असते तरी त्यात केवळ ठेकेदाराच्या स्वतःच्या आठ माणसांचा उल्लेख होता. मिस्त्रीपाशी तर कागद म्हणून काहीच नव्हते. ठेकेदार म्हणे, ‘हा माझा माणूस नव्हे.’ मिस्त्री म्हणे, ‘काम माझे नव्हे, ठेकेदाराचे.’ त्या बाईंना भरपाईचा आदेश मिळावयास चार वर्षे लागली आणि रक्कम हप्त्याहप्त्याने हाती आली. दरम्यान मोठ्या मुलाची शाळा सुटली होती.

मुदतवाढीच्या शिफारशीवर माझी सही होती. त्या कागदावर ‘विमापत्राची मुदतही वाढवून घ्यावी’ एवढे एक वाक्य मी लिहिले असते तर? त्या कुटुंबास माणूस परत मिळाला नसता हे खरे. परंतु चार वर्षांची वणवण तरी वाचली असती. आज मी आपणांपुढे उभा आहे तो त्या एका वाक्यासाठी.

पोटठेका का होतो?

पोटठेकेदारी ही चोरीची गोष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही. पाया खणणारा वेगळा, सेंट्रिंगवाला वेगळा, लोखंड बांधणारा, फरशी बसविणारा, वीजजोडणी करणारा, रंगारी, सारे वेगळे. एकाच ठेकेदाराने ही सर्व माणसे वर्षभर पोसणे परवडत नाही. म्हणून तो एकेक भाग एकेका मुकादमाकडे सोपवितो. शासकीय करारांत लेखी परवानगीखेरीज काम दुसऱ्याकडे देण्यास मनाई असते. पण मजुरीवर काम देणे हे त्यातून निसटते आणि कागदावर एकच नाव राहते. प्रत्यक्षात चार-पाच माणसांची साखळी असते आणि कामगार त्या साखळीच्या अगदी टोकाला असतो.

मोठ्या कामांवरही हेच चित्र असते. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढवा येथे भिंत कोसळून तिच्याखाली शेजारच्या बांधकामावरील कामगारांच्या झोपड्या सापडल्या आणि १५ जणांचा बळी गेला. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता तुळया उभारण्याचे यंत्र कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. अशा वेळी दूरदूरच्या राज्यांतून नातेवाईक येतात. मेलेला माणूस कोणाच्या हजेरीपटावर होता, याचे उत्तर कागदावर तयार नसेल तर त्यांनी कोणाच्या दारी जावे?

कायदा काय म्हणतो?

कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा आपणांपैकी जुन्या मंडळींस परिचित आहे. त्यात मुळात २० किंवा अधिक कामगार लावणाऱ्या ठेकेदारास परवाना आवश्यक होता आणि तो सामान्यतः १२ महिन्यांचा असे. आता त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती याविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात ५० कामगारांची मर्यादा आहे, परवान्याची मुदत पाच वर्षे आहे आणि नवे काम मिळाले की त्याची माहिती शासनास कळविण्याचे बंधन ठेकेदारावर आहे. कोणता नमुना कोठे भरावयाचा हे आपल्या जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून पाहून घ्यावे.

दोन्ही कायद्यांत एक सूत्र मात्र कायम राहिले आहे. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती देण्याची जबाबदारी काम करवून घेणाऱ्या मुख्य मालकावर येते. मालकाने नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी. म्हणजे ‘ठेकेदार जाणे आणि त्याचे मजूर जाणोत’ असे म्हणून हात झटकण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

अपघाताच्या भरपाईचा पाया १९२३ च्या कायद्याने घातला. आज तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. परवान्याला कामगारांच्या संख्येची मर्यादा आहे. भरपाईला तशी मर्यादा नाही. आपल्या पंचायतीच्या कामावर बारा माणसे असतील तर त्या ठेकेदारास मजूर-परवाना लागणार नाही; परंतु त्यांतील एक जण परांचीवरून पडला तर भरपाईचा प्रश्न उभा राहतोच. ‘लहान काम आहे, कागदांची जरुरी नाही’ ही समजूत येथे घात करते. ज्याच्या धंद्याचे काम त्याने दुसऱ्याकडून करविले, त्याच्याकडेही कामगारास भरपाई मागता येते. म्हणून मुख्य ठेकेदारास मिस्त्रीकडे बोट दाखवून सुटता येत नाही. पंचायतीवर ती जबाबदारी कितपत येते यावर वाद होऊ शकतो. पण तो वाद चालू असता वर्षे जातात, आणि ती कोणाची जातात हे मी सांगितलेच आहे.

रक्कम किती असते याचीही कल्पना असावी. १९२३ च्या कायद्याखाली मृत्यूच्या प्रसंगी मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणीत. २०२० पासून या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये होती. ३० वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, अर्थात १५,५९,८५० रुपये. वेळेवर रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम. एवढी रक्कम गावोगावचा गिलावा करणारा मिस्त्री कोठून देणार? म्हणूनच विमा हवा.

विमापत्र कसे वाचावे?

विमापत्राची प्रत फाइलला लावली की काम झाले असे आपण मानतो. तसे नाही. ती वाचली पाहिजे, आणि वाचताना पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट मुदतीची. प्रारंभ आणि अखेर या दोन्ही तारखा पाहाव्यात आणि त्या कामाच्या मुदतीशी ताडून पाहाव्यात.

दुसरी गोष्ट नावाची. विमा कोणाच्या नावे आहे? मुख्य ठेकेदाराच्या विमापत्रात पोटठेकेदाराचे कामगार आपोआप येत नाहीत. त्यांचा समावेश करून त्यासाठी जादा हप्ता भरावा लागतो, नाहीतर पोटठेकेदाराचे स्वतंत्र विमापत्र हवे.

तिसरी गोष्ट संख्येची. हप्ता वाचावा म्हणून आठ माणसे दाखवावयाची आणि कामावर वीस लावावयाची, हा प्रकार सर्रास चालतो. हजेरीपट आणि विमापत्र शेजारी ठेवले की तो उघडा पडतो.

चौथी गोष्ट कामाचे ठिकाण व स्वरूप. रंगकामाचा विमा घेऊन स्लॅबचे काम करणारास दाव्याच्या वेळी अडचण येते.

पाचवी गोष्ट हप्त्याची. विमा कायदा, १९३८ अन्वये हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज विमा कंपनी जोखीम पत्करत नाही. धनादेश न वटल्यास हातातील विमापत्राचा उपयोग नाही. यासाठी छायाप्रतीवर विसंबू नये. विमापत्राचा क्रमांक देऊन ते देणाऱ्या कार्यालयाकडेच खात्री करावी. राज्यातील अनेक शासकीय निविदांत शासनाच्या विमा संचालनालयाकडून विमा घेण्याची अट असते. तेथेही हीच पडताळणी करावी.

दोन गैरसमजही दूर केले पाहिजेत. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर भरला म्हणजे कामगारांचा विमा झाला, असे काही जण समजतात. उपकर कल्याणकारी मंडळाकडे जातो. पण मंडळाचे साहाय्य नोंदणी झालेल्या कामगारासच मिळते, आणि त्या नोंदणीचेही नूतनीकरण करावे लागते. नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला लागतो. आपल्या पंचायतीत त्या दाखल्यासाठी कामगार आला तर शहानिशा जरूर करावी, पण त्यास हेलपाटे घालावयास लावू नयेत. दुसरा गैरसमज पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेविषयी. २० रुपयांत २ लाखांचे संरक्षण देणारी ही योजना उपयुक्त आहेच. पण ती कामगाराने स्वतः घेतलेली असते. मालकाच्या दायित्वाची जागा ती घेऊ शकत नाही.

नोंदवही कशी ठेवावी?

आता मुख्य गोष्ट. यासाठी संगणक असल्यास उत्तम. नसल्यास दोनशे पानी वही पुरे. प्रत्येक कामास एक पान द्यावे. त्यावर मुख्य ठेकेदार आणि प्रत्येक पोटठेकेदार यांच्यासाठी एकेक ओळ. स्तंभ असे : नाव व पत्ता, कामाचा भाग, कामगारांची संख्या, मजूर-परवाना लागू आहे काय, असल्यास क्रमांक व अखेरची तारीख, वीजकाम असल्यास विद्युत ठेकेदाराचा परवाना व त्याची तारीख, विमापत्राचा क्रमांक, त्यातील कामगारांची संख्या व अखेरची तारीख, खात्री कोणी व कधी केली, आणि शेवटी सही.

केवळ कामवार वही पुरत नाही, हे अनुभवाने सांगतो. वहीच्या शेवटी बारा महिन्यांची बारा पाने ठेवावीत. ज्या महिन्यात एखादा कागद संपतो त्या महिन्याच्या पानावर त्याची नोंद करावी. दर महिन्याच्या १ तारखेस चालू महिन्याचे आणि पुढील महिन्याचे पान पाहावे, आणि ज्यांचे कागद संपत आले असतील त्यांना लेखी कळवावे. या कामास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

परंतु नोंद ही आठवण देते. बंधन घालीत नाही. बंधनासाठी तीन वेशी ठरवाव्यात. पहिली वेस काम सुरू होताना : कागद पाहिल्याखेरीज पोटठेकेदाराच्या माणसांनी कामावर पाऊल ठेवू नये. दुसरी वेस देयकाच्या वेळी : मोजमाप पुस्तिकेबरोबर ही नोंदवहीही समोर असावी आणि विमापत्र संपलेले असल्यास देयक पुढे जाऊ नये. ही अट निविदेत व करारात आधीच घातलेली असावी, म्हणजे तक्रारीस जागा राहत नाही. तिसरी वेस मुदतवाढीच्या वेळी : कामाची मुदत वाढविणाऱ्या प्रत्येक पत्रात विम्याची मुदत वाढविण्याची अट असावी. माझ्या हातून सुटली ती ही तिसरी वेस.

काही जण म्हणतील, यामुळे लहान ठेकेदारास जाच होईल. शंका रास्त आहे. गावातील होतकरू गवंडी या कागदांना भिऊन मागे सरावा असे कोणासही वाटणार नाही. त्याचा मार्ग असा की, त्याच्या माणसांचा समावेश मुख्य ठेकेदाराने आपल्या विमापत्रात करावा आणि तो खर्च अंदाजपत्रकातच धरावा. हप्ता कोणी भरावयाचा याचा निर्णय काम सुरू होण्यापूर्वी झाला, की लहान माणसावर भार पडत नाही. भार पडतो तो अपघातानंतर निर्णय करावा लागतो तेव्हा.

शिक्षकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांना एक विनंती. शाळेच्या आवारात काम चालू असते तेव्हा सर्वांत जवळचे साक्षीदार आपण असता. नवी माणसे आली, नवा मुकादम आला, हे अभियंत्यास आठ दिवसांनी कळते. आपणांस त्याच दिवशी दिसते. ‘आपण कोणाकडून आलात?’ एवढे विचारावे आणि उत्तर वहीत नसल्यास अभियंत्यास कळवावे. पंचायत सदस्यांनी मासिक सभेत चालू कामांचा आढावा घेताना ‘कागद कोणत्या तारखेस संपतात?’ हा प्रश्न विचारण्याचा प्रघात पाडावा.

आपण इमारत बांधतो ती पन्नास वर्षांच्या हिशेबाने. तिच्या भिंतीला गिलावा करणारा माणूस आपल्याकडे चारच दिवस असतो. त्या चार दिवसांत तो कोणाचा, हा प्रश्न कोणासही पडू नये, एवढी व्यवस्था आपण करू शकतो. आज येथून परत गेल्यावर आपल्या चालू कामांपैकी एकाची फाइल काढावी आणि विमापत्रावरील अखेरची तारीख पाहावी. ती उलटून गेलेली असेल तर उद्याचे काम त्या कागदापासून सुरू करावे.