पडदा, भिंती आणि कान



चित्रपट चांगला की वाईट यावर आपण पुष्कळ बोलतो. तो ज्या वास्तूत पाहायचा, तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. आज तिच्याविषयीच थोडे सांगणार आहे.

आधी पडदा. पडदा जितका मोठा तितके चित्र चांगले, ही समजूत अर्धीच खरी आहे. पडद्याची लांबी आणि उंची दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते. यंत्रातला दिवा तोच असेल तर पडद्याच्या प्रत्येक भागाला पूर्वीच्या चौथाईच उजेड मिळतो. चित्र वाढते, पण मलूल होते. १९५९ साली गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ सिनेमास्कोप पद्धतीने आला. असे चित्र उंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक रुंद असते. अरुंद थिएटरात पडदा बाजूंना वाढवायला जागाच नसते. मग त्या चित्राला उंचीत आखडावे लागते.

आता आवाज. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला आणि हिंदी चित्रपट बोलू लागला. तेव्हापासून थिएटरच्या भिंतीही त्याच्याबरोबर बोलू लागल्या! ध्वनी सेकंदाला सुमारे ११०० फूट जातो. भिंतीवरून परतणारा शब्द मूळ शब्दानंतर सेकंदाच्या विसाव्या भागाहून अधिक उशिरा आला, तर कान त्याला वेगळा ओळखू लागतो. म्हणजे पंचावन्न फुटांचा जादा फेरा पुरे. समोरासमोरच्या कोऱ्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवीत राहतात. आतून पोकळ, गोलाकार भिंत तो एकाच जागी गोळा करते.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत असे. वॉलेस सॅबिन यांनी तेथे गाद्या आणून मांडल्या, आणि गाद्या वाढतील तसा घुमारा कमी होत गेला. माणसांची अंगे आणि कपडेही हेच काम करतात; म्हणून रिकामे सभागृह घुमते आणि भरलेले शांत वाटते. फिरत्या टॉकीजच्या तंबूत घुमारा नसे, कारण आवाज कापडातून बाहेर निघून जाई. शब्द स्वच्छ, पण मागच्या माणसापर्यंत क्षीण होऊन पोहोचणारा.

सिरोंच्यात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. प्राणहिता-गोदावरीच्या या संगमावर मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणारी माणसे एकाच छताखाली बसतात. आपल्या मातृभाषेतला अर्धा ऐकू आलेला शब्दही आपण अंदाजाने पुरा करतो. परक्या भाषेत ते साधत नाही. घुमणाऱ्या सभागृहात पहिला तोटा त्यांचाच होतो, आणि ‘समजत नाही’ हा दोष मात्र त्यांच्या माथी येतो.

म्हणून गावात चित्रपटगृह असो वा सभागृह, ते बांधताना तीन गोष्टी मागा : मागे चढत जाणारी जमीन, मागील भिंतीवर आवाज शोषणारे आच्छादन, आणि उघड्या पत्र्याखाली जाड छत. जमिनीचा चढ दोन कामे करतो. पुढच्याचे डोके चित्राच्या आड येत नाही आणि आवाजाच्याही वाटेत येत नाही. पैसे देण्यापूर्वी रिकाम्या सभागृहात मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून टाळ्या ऐकू आल्या, तर काम अपुरे आहे असे समजा.