उखडलेल्या रुळांवरची गाडी

इंग्लंडात बाथहून बोर्नमथला कोळशाची आगगाडी मेंडिपचे डोंगर ओलांडून जात असे. ७ मार्च १९६६ रोजी तो मार्ग बंद झाला; डोंगरातले रूळही उखडले. हौशी मंडळी आता तीच गाडी संगणकावर चालवितात. जुने नकाशे, छायाचित्रे पाहून स्थानके, पूल, सिग्नल जागच्या जागी बसवितात. हे चिकाटीचे खरे, पण अवघड काम निराळेच. ५० फुटांमागे १ फूट चढ! जड गाड्यांना तेथे दोन इंजिने जोडीत. सारे चुलीसारखेच, जाळ आधी हवा. फायरमनने चढापूर्वीच कोळसा सारला नाही, तर ऐन चढावर वाफ उतरलीच म्हणून समजा. आता हे छायाचित्रात कुठून दिसणार? जुन्या फायरमनलाच विचारायला हवे. आणि १९६६ साली विशीत असलेला गडी आज ऐंशीच्या घरात आहे.