गाठ निघाली दोऱ्याची!
(सोसायटीच्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)

मला भाषणाची सवय नाही. पण "काकू, तुमचा अनुभव सांगाच" असा आग्रह झाला, म्हणून उभी राहिले.

माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुमच्यातल्या कितीतरी जणींनी महिनाभर आमच्याकडे डबे पोचवले. पुढे तीन वर्षं सगळं ठीक होतं. मग एक दिवस आंघोळ करताना टाक्यांच्या जागी हरभऱ्याएवढी कडक गाठ हाताला लागली. पेट स्कॅनमध्ये ती जागा उजळलेली दिसली. घरात कोणी काही बोलेना. मी तर मनातल्या मनात कपाटाच्या किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "घाई नको. आधी सुईने तुकडा काढून तपासू." रिपोर्टला आठ दिवस लागले. शेजारच्या वहिनी रोज संध्याकाळी येऊन नुसत्या बसायच्या, काही विचारायच्या नाहीत. ते मी विसरणार नाही.

रिपोर्टमध्ये कॅन्सरची पेशी नव्हती. होता तो ऑपरेशनच्या वेळचा रेशमी दोरा!

डॉक्टरांनी समजावलं ते असं. न विरघळणारा दोरा शरीराला परका वाटतो. तो गिळता येत नाही, म्हणून संरक्षक पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या होतात आणि त्याला वेढा घालतात. त्याची गाठ बनते, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. ऑपरेशननंतर काही वर्षांनीही ती दिसू शकते. पेट स्कॅनसाठी किंचित किरणोत्सारी साखर टोचतात. कॅन्सर ती भराभर ओढून घेतो, पण सूज आणणाऱ्या या पेशीही घेतात. म्हणून स्कॅनवर दोन्ही सारखंच उजळतं. खरं काय ते मायक्रोस्कोपखाली कळतं. पूर्वी हातमोज्यांच्या पावडरनेही अशा गाठी व्हायच्या. अमेरिकेत २०१७ पासून पावडरच्या वैद्यकीय मोज्यांवर बंदी आहे.

पण म्हणून "दोराच असेल" असं म्हणून कोणी घरी बसू नका. माझा दोरा निघाला, प्रत्येकीचा निघेलच असं नाही. गाठ लागली की लगेच दाखवा. तुकडा तपासल्याशिवाय हाय खाऊ नका आणि निर्धास्तही राहू नका. ऑपरेशनची फाइल जपून ठेवा. आत दोरा, क्लिप, जाळी काय वापरलंय ते विचारून त्यात लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरांना ते उपयोगी पडतं.

आणि शेजारी कोणी रिपोर्टची वाट बघत असेल, तर वहिनींसारख्या नुसत्या जाऊन बसा.