फोटोत नसलेल्या तिघी

(युवा शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला ‘मुस्लिम मुली आणि उच्च शिक्षण’ असा भारदस्त विषय दिलाय. आकडे तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहेत. २००६चा सच्चर समितीचा अहवाल तुमच्यातल्या कित्येकांनी वाचलेला दिसतोय. म्हणून मी आकड्यांत पडत नाही. मी माझ्या वर्गाच्या बातम्या सांगते.

माझा जन्म १९६६चा. त्याच वर्षी १८ एप्रिलला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. हे मला कळलं फार उशिरा, नोकरी लागल्यावर. १९८४ साली सोलापूरच्या एका कॉलेजात मी फर्स्ट इयर बी.ए.ला नाव घातलं. तेव्हा सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते आलं २००४ला. आमच्या डिग्रीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे. अब्बा यंत्रमागावर जॉबर होते. वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळं चालायचं आणि मारामारी मात्र शुद्ध मराठीत व्हायची.

आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप २०१६ला सुरू झाला. नाव ‘बॅच १९८७’. एका मित्राने थर्ड इयरचा ग्रुप फोटो शोधून काढला आणि त्यातल्या ६४ चेहऱ्यांवरून यादी बनवली. वर्षभरात पन्नासेक जण सापडले. मग बातम्या सुरू झाल्या. सुरुवातीला मुलांची लग्नं, मग नातवंडं, मग गुडघ्याची ऑपरेशनं, मग रिटायरमेंट. मुलगी हिंजवडीत, मुलगा अमेरिकेत. २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत तीन आठवड्यांत चार श्रद्धांजल्या लिहिल्या आम्ही. त्यानंतर मात्र प्रत्येक जण दुसऱ्याची चौकशी खरोखरच करायला लागला, नुसता अंगठा दाखवून पुढे जाणं कमी झालं.

एक गोष्ट सांगायला हवी. कोरोनाच्या सुरुवातीला तबलिगींवरून जे फॉरवर्ड फिरत होते, ते आमच्याही ग्रुपवर आले. आमच्यातला एक मुस्लिम मित्र एक शब्द न बोलता बाहेर पडला. मी राहिले. रागावले, भांडले, अॅडमिनला फोन केला, दोन पोस्ट काढायला लावल्या. मी बरोबर आणि तो चूक, असं मी म्हणत नाही. पण त्याची मुलगी सी.ए. झाली, ही बातमी आमच्या वर्गाला दोन वर्षांनी कळली, तीही रेल्वे स्टेशनवर कुणीतरी भेटलं म्हणून.

यंदा जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, आम्ही सगळे सोलापुरात भेटलो. कडक भाकरी, शेंगाचटणी, सगळा थाट. प्रत्येकाने उभं राहून दोन मिनिटं स्वतःची बातमी द्यायची. माझी पाळी आली. म्हटलं, बी.ए.नंतर डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं काढली, गेल्या वर्षी रिटायर झाले, साखर आहे पण आटोक्यात आहे. टाळ्या. खाली बसता बसता मी सहज विचारलं, “फर्स्ट इयरला आम्ही पाच मुस्लिम मुली होतो. थर्ड इयरला दोघीच उरलो. बाकीच्या तिघींचं काही कळलं का कुणाला?”

सगळे गप्प. मग आमचा एक पद्मशाली मित्र, अगदी चांगला माणूस, म्हणाला, “त्या फोटोत नाहीत ना. मग यादीत कशा येणार?”

त्याचा काही दोष नव्हता. मी स्वतः तरी आठ वर्षं तीच यादी बघत होते ना! त्या तिघींबरोबर मी रोज चालत कॉलेजला गेले, एका डब्यात जेवले आणि त्यांची आठवण मला ३८ वर्षांनी झाली. मग मात्र मी मोहल्ल्यात शोध सुरू केला. आपल्याकडे मुलीचं आडनाव बदलतं, गाव बदलतं, फोन असला तर तो मुलाच्या नावावर असतो. शेवटी शिलाईकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या खालाकडे तिन्ही घरांचे धागे मिळाले.

पहिली अक्कलकोटला सापडली. फर्स्ट इयरची परीक्षा संपली आणि पंधरा दिवसांत तिचा निकाह झाला होता. ब्लाउज शिवून दोन मुली शिकवल्यात तिने, एक फार्मसी करून कामाला लागली, दुसरी शिक्षिका आहे. मी म्हटलं, तुझी बातमी सांग. म्हणाली, “मेरी क्या खबर गे, बच्चियों की पूछ.” निघताना तिने ट्रंक उघडली. फर्स्ट इयरची मार्कशीट प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेली. ४० वर्षं.

दुसरीची बातमी सांगताना माझी मान खाली जाते. १९९६ला तिला तलाक रजिस्टर पोस्टाने आला. तीन वेळा लिहिलेला एक शब्द आणि मेहरची थोडी रक्कम. दोन मुलं घेऊन ती माहेरी आली आणि आईबरोबर विड्या वळायला बसली.

तुम्हाला शाहबानो प्रकरण माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल १९८५चा. आम्ही तेव्हा सेकंड इयरला जाणार होतो. जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि एका सरांनी भर वर्गात मला उभं करून विचारलं, “तुमच्या समाजाचं मत काय?” १९ वर्षांची मुलगी, समाजाचं मत कुठून आणणार? मी गप्प राहिले. बाहेर मोहल्ल्यात निकालाच्या विरोधात सभा चालल्या होत्या, तिथेही मी गप्पच. १९८६ला नवा कायदा झाला. पोटगी फक्त इद्दतीपुरती, असाच त्याचा अर्थ सगळ्यांनी काढला. पुढे २००१मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तलाक दिलेल्या बायकोच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तजवीज नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीतच करून द्यायला हवी. म्हणजे मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला जागा होती. तिला हे कुणी सांगितलं नाही. मला माहीत होतं, मी वाचत होते, चार ठिकाणी बोलतही होते. आणि मी नोकरीला होते मोहोळ तालुक्यात, म्हणजे तिच्या घरापासून एसटीच्या तासाभराच्या अंतरावर.

ती मात्र थांबली नव्हती. बारावी झालेली होतीच. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातलं, रविवारी संपर्क वर्गाला जायची, रात्री विड्यांचं सूप बाजूला ठेवून स्वाध्याय लिहायची. २००७ला बी.ए. झाली, वयाच्या ४१व्या वर्षी. आज अंगणवाडी सेविका आहे. २२ ऑगस्ट २०१७ला तिहेरी तलाक रद्द झाल्याची बातमी तिने अंगणवाडीतच ऐकली. मी विचारलं, काय वाटलं? म्हणाली, “खिचडी शिजत होती. ढवळत राहिले.”

आमच्या ग्रुपवर नातवाच्या नर्सरी प्रवेशालाही साठ अभिनंदनं पडतात. हिच्या बी.ए.ला एक नाही.

तिसरी आमच्यात सगळ्यांत हुशार. फर्स्ट इयरला पाचजणींत पहिली आली ती, मी चौथी. सेकंड इयर अर्धं झालं आणि तिच्या भावाला कुणीतरी सांगितलं, की तुझी बहीण लायब्ररीत मुलांशी बोलते. बोलायची, खरं आहे. नोट्स द्यायची. विजापूरकडच्या एका गावात तिचं लग्न झालं आणि १९९३ला तिसऱ्या बाळंतपणात रक्तस्राव थांबला नाही. हे मला त्याच भावाने सांगितलं. आता म्हातारा झालाय, सांगताना रडला. मी त्याला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, अजून ठरत नाही.

ही बातमी मी ग्रुपवर टाकली. तिच्या मृत्यूनंतर ३२ वर्षांनी तिला श्रद्धांजली वाहिली गेली. रात्री त्या पद्मशाली मित्राचा फोन. म्हणाला, “ताई, इकॉनॉमिक्सला मी तिच्या नोट्सवर पास झालो गं. त्या नोट्स परत द्यायच्या राहिल्या.”

तुम्ही विचाराल, मग तुम्ही कशा टिकलात? हुशारीचा त्यात फारसा हात नव्हता. आमच्या घरात तलाक होऊन आलेली एक फुप्पी होती. तिचे हाल बघून अम्मी अब्बांना म्हणाली, “इसकू पढ़ने दो.” दुसरं म्हणजे कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर होतं, बसभाडं लागत नव्हतं. एवढंच.

तुमच्यातले बरेच जण आत्ता फर्स्ट इयर, सेकंड इयरला आहात. तुमचे ग्रुप आधीच तयार आहेत. त्यातून कोण कधी बाहेर पडतं ते बघा. एखादी मुलगी दिवाळीनंतर दिसेनाशी झाली, तर तिच्या घरी जा. मुलींनो, तुम्ही जा, मुलगे गेले तर तिची आणखी पंचाईत होईल. फीचा प्रश्न असेल, स्कॉलरशिपचा फॉर्म राहिला असेल, तर तो त्याच महिन्यात सुटू शकतो. कॉलेज सुटलंच, तर मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज घेऊन जा. मी गेले नव्हते.

आता ताजी बातमी. मी अॅडमिनला म्हटलं, त्या दोघींना ग्रुपवर घे आणि ग्रुपचं नाव ‘प्रवेश १९८४’ कर. यावर वाद झाला. काही जण म्हणाले, त्या आपल्याबरोबर पास कुठे झाल्या? नाव अजून जुनंच आहे. दोघी मात्र आल्यात. अक्कलकोटवालीचा फोन मुलीच्या नवऱ्याच्या नावावर आहे, त्यामुळे तिच्या जागी जावयाचा फोटो दिसतो. कुणीतरी विचारलं, हे कोण गृहस्थ? तर तिने आवाजाचा मेसेज टाकला, “मैं बोलरी, दामाद नहीं.”

पुढच्या गड्ड्याला दोघी येणार आहेत. मुक्त विद्यापीठाची पदवी फ्रेमसकट आणायची का, असं दुसरी विचारत होती. आण म्हटलं.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागे चहा आलेला दिसतोय, तो गार होऊ देऊ नका.