नवा जन्म झालेला माणूस पाप करतच नाही का?

कानात हेडफोन घालून बसमध्ये असाल, शिफ्टवरून घरी निघाला असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे, कारण तो आलाय तसल्याच एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून. नाव सांगणार नाही. वय तेवीस, बाप्तिस्मा होऊन दोन वर्षं झाली. त्याने लिहिलं असतं तर कदाचित नीट मांडलं असतं, पण बोलताना अडखळत होता. मोबाइलवर रात्री जे बघायची सवय होती, ती सुटली होती. चार महिने सुटली होती. मग एका रात्री परत तेच. आणि त्याच आठवड्यात तरुणांच्या सभेत प्रवचन झालं, योहानाचं पहिलं पत्र, अध्याय 3, वचन 9. प्रवचनकाराने सांगितलं की देवापासून जन्मलेला पाप करत नाही, त्याला ते करताच येत नाही, आणि जो करतो त्याचा नवा जन्म झालेलाच नाही. या भावाचा प्रश्न एवढाच: "म्हणजे माझं काहीच झालं नव्हतं का? मग मी आता काय करू?"

बघा, प्रवचनकाराने वचन मनातून काढलेलं नाही. ते तिथे आहे. "तसं काही म्हणायचं नाहीये त्याला" असं म्हणून आपण ते बाजूला सारू शकत नाही. पण तेच पत्र दोन पानं मागे उलटा. अध्याय 1, वचन 8 आणि 10. तिथे योहान म्हणतो की आपल्यात पाप नाही असं जर आपण बोललो तर आपण स्वतःलाच फसवतो, आणि आपण पाप केलंच नाही असं म्हटलं तर देवालाच खोटं पाडतो. "आपण" म्हणतो तो. "तुम्ही" नाही, "ते बाहेरचे लोक" नाही. ज्या प्रेषिताने प्रभूला डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं, तो स्वतःला त्या "आपण"मध्ये धरतो.

एकच लेखक, एकच पत्र. आधी म्हणतो पाप नाही असं म्हणू नका, आणि नंतर म्हणतो देवापासून जन्मलेला पाप करत नाही. म्हातारपणी विसरला का तो? नाही हो.

इथे मूळ ग्रीक भाषेची थोडी मदत होते, आणि गंमत म्हणजे आपल्या मराठीत ती इंग्रजीपेक्षा सोपी जाते. लग्न जमवताना मुलीचे मामा चौकशी करतात ना, "मुलगा दारू पितो का?" तो प्रश्न सवयीचा असतो. समोरून उत्तर आलं की "मित्राच्या हळदीला एकदा प्यायला होता", तर मामांच्या कपाळाला आठी पडेल, पण त्या मुलाला कोणी दारुडा म्हणणार नाही. "पितो" आणि "प्यायला" यातला हा फरक आहे. तिसऱ्या अध्यायात योहान जे क्रियापद वापरतो ते "पितो" या जातीचं आहे: पाप करत राहतो, पाप हा त्याचा धंदा आहे. तिथेच वचन 8 मध्ये सैतान सुरुवातीपासून पाप करतो असं आहे, तेव्हा चालू राहणं हाच तिथला विषय आहे हे ग्रीक न येणाऱ्यालाही दिसतं. आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनात, जिथे कोणाकडून पाप घडलंच तर काय, असा विषय येतो, तिथे क्रियापदाचं रूप बदलतं. तिथे ते "प्यायला" या जातीचं आहे. एखादी घटना.

आता एक प्रामाणिक गोष्ट सांगतो. सगळा भार या व्याकरणावर टाकू नका. बरेच उपदेशक टाकतात. पण पाचव्या अध्यायात, वचन 16 मध्ये, भावाला पाप करताना पाहिलं तर त्याच्यासाठी प्रार्थना करा असं योहान सांगतो, आणि तिथलं रूपसुद्धा चालू असलेल्या कृतीचंच आहे. तरी तो त्याला "भाऊ" म्हणतो! म्हणजे नुसत्या काळाच्या रूपावरून कोण आत, कोण बाहेर हे ठरवता येत नाही. मला जास्त वजनदार वाटतं ते 3:9 मधलं कारण. देवाचं बीज त्याच्यात राहतं, असं तो सांगतो. आत काहीतरी जिवंत ठेवलंय देवाने. म्हणून पाप केलं तरी ते अंगी लागत नाही. पूर्वी जे करून शांत झोप लागायची, ते करून आता झोप लागत नाही.

त्या भावाने मेसेज केव्हा पाठवला माहीत आहे? पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी.

बरं, मग पवित्र शास्त्र म्हणतं तरी काय, पाप न करता जगता येतं की नाही? माझं मत आधी सांगून टाकतो, मग तुम्ही बरिया इथल्या लोकांसारखं शास्त्रात तपासून बघा. समोर आलेल्या कुठल्याही एका मोहाबद्दल विश्वासणाऱ्याला "हे माझ्याकडून टाळलंच जाणार नव्हतं" असं म्हणता येत नाही. 1 करिंथ 10:13 ती पळवाट बंद करतं, कारण देव मोहाबरोबर निभावण्याचा मार्गही देतो असं तिथे आहे. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय तर सरळ मालक बदलल्याची भाषा बोलतो: पाप आता तुझा धनी नाही. पण एकेक मोह टाळता येणं वेगळं, आणि अख्ख्या आयुष्याकडे, अगदी अख्ख्या दिवसाकडे बघून "आज माझ्यात काही पाप नव्हतं" असं म्हणता येणं वेगळं. तो दावा करायला शास्त्र कोणालाच मुभा देत नाही. मंदिराच्या समर्पणाच्या प्रार्थनेत शलमोन तो दावा करत नाही, याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात करत नाही, आणि पौल फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहितो तेव्हा मी अजून पूर्णत्वाला पोचलो नाही असंच लिहितो.

आणि प्रभूने शिकवलेली प्रार्थना घ्या. रोजची भाकर मागतो, आणि लगेच पुढच्या श्वासात ऋणांची क्षमा मागतो. भाकर रोज लागते, तशी क्षमाही रोज लागते असं धरूनच ती प्रार्थना बांधली आहे. यावरून मोठं भांडण झालंय बरं का. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनहून आलेला पेलागियस नावाचा संन्यासी शिकवत होता की माणसाने ठरवलं तर तो पाप न करता जगू शकतो. ऑगस्टिनने त्याला कडाडून विरोध केला. मग 418 साली उत्तर आफ्रिकेत कार्थेजला बिशप जमले आणि त्यांनी इतर निर्णयांबरोबर एक फार मजेदार ठराव केला: पवित्र माणसं ही क्षमेची विनंती नुसत्या नम्रतेपोटी करतात, त्यांना स्वतःला तिची गरज नसते, असं कोणी म्हणू नये. ती खरीखुरी मागतात. म्हणजे प्रार्थनेत खोटी नम्रता चालणार नाही!

पण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. जॉन वेस्ली. मेथडिस्ट चळवळीचा हा माणूस, 1766 साली त्याने ख्रिस्ती परिपूर्णतेवर पुस्तकच लिहिलं. त्याचं म्हणणं होतं की याच जन्मात देव विश्वासणाऱ्याचं हृदय प्रीतीने इतकं भरू शकतो की पापाला जागा उरत नाही. आपल्यापैकी काही जण ऐकूनच चिडतील. पण वेस्ली पाप कशाला म्हणतो ते नीट बघा. माहीत असलेली देवाची आज्ञा जाणूनबुजून मोडणं, हे त्याच्या लेखी खरं पाप. अज्ञान, चुकीची समजूत, दुबळेपणा हे त्यात नाही, जरी त्यांनाही ख्रिस्ताच्या रक्ताची गरज आहे असं तो मानायचा. पापाची व्याख्या लहान केली की "पापाशिवाय" हा शब्द जवळ येतो. व्याख्या मोठी केली, म्हणजे पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने देवावर प्रीती करण्यात जे जे कमी पडलं ते सगळं पाप असं धरलं, तर तोच शब्द क्षितिजापलीकडे जातो. अर्धं भांडण इथेच आहे. दाविदाच्या एकोणिसाव्या स्तोत्रात, वचन 12 आणि 13 मध्ये, दोन्ही आहे: नकळत झालेल्या दोषांपासून शुद्ध कर, आणि जाणूनबुजून केलेल्या पापांपासून आवर. दाविदाने दोन वेगळे कप्पे केले, पण दोन्ही देवापुढेच उघडले.

वेस्लीने स्वतःबद्दल असा दावा केला नाही. पण त्याच्या लंडनच्या मंडळीत दावा करणारे निघाले. जॉर्ज बेल नावाचा एक सैनिक होता. तो आणि त्याच्या आसपासचे लोक सांगायला लागले की आम्ही परिपूर्ण आहोत, देवदूतांसारखे. मग काय, परिपूर्ण माणसाला कोण शिकवणार? कोणाचं ऐकायचं कारणच उरलं नाही. शेवटी बेलने जाहीर केलं की 28 फेब्रुवारी 1763 ला जगाचा अंत होणार. वेस्लीने त्याला उघड विरोध केला. एक मार्चला लंडन जागच्या जागी होतं. हा किस्सा मी हसण्यासाठी सांगत नाही. "माझ्यात पाप नाही" म्हणणाऱ्या माणसाला दुरुस्त करायची सगळी दारं तो स्वतःच बंद करतो, हे इथे उघड दिसतं. योहान पहिल्या अध्यायात ज्यांना उत्तर देतोय ते साधारण याच वाटेवरचे लोक होते.

उलट्या टोकालाही लोक आहेत, आणि खरं सांगू का, आपल्या तरुणांच्या गटात मला तेच जास्त दिसतात. "आपण सगळे पापी आहोत यार, कृपा आहे ना." हे वाक्य रविवारी संध्याकाळी चहाबरोबर सहज बोललं जातं. रोम 6 ची सुरुवातच या वाक्याला उत्तर देण्यासाठी झाली आहे. कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, असं पौल विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो, मुळीच नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण घ्यायचं तर पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पण 1907 साली छापलेल्या साक्षीत त्या लिहितात त्याचा आशय असा, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त मात्र काही वर्षांनी सापडला. पुढे 1898 साली इंग्लंडमधल्या केझिक इथल्या अधिवेशनात त्या बोलल्या. केझिकची शिकवण पापाचं मूळ उपटून निघतं अशी नव्हती, पण माहीत असलेल्या पापावर रोज विजय मिळू शकतो अशी होती. आणि 1905 साली दौंडजवळ केडगावच्या मुक्ती सदनात संजीवन आलं तेव्हा काय झालं? प्रार्थना करणाऱ्या मुलीच रडून आपली पापं कबूल करू लागल्या. पवित्र आत्मा जवळ आला तेव्हा पापाची जाणीव कमी झाली नाही, वाढली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अंधाऱ्या खोलीत धूळ दिसत नाही, कवडसा पडला की दिसते.

तर त्या भावाला थेट सांगतो. तू परत पडलास म्हणून तुझा नवा जन्म खोटा ठरला, असं 3:9 वरून मी म्हणणार नाही. पण "चालतंय" म्हणून तू पुढे गेलास, वर्षभराने झोप छान लागायला लागली, तर मात्र मी काळजी करीन आणि तुला तसं सांगीन. आज रात्री दुसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन वाच. योहान म्हणतो हे मी तुम्ही पाप करू नये म्हणून लिहितोय, आणि त्याच दमात सांगतो की केलंच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. कैवारी म्हणजे आपली बाजू घेणारा, कोर्टातल्या वकिलासारखा. वकिलापासून लपवून कोणी केस लढवत नाही. तेव्हा त्याला सगळं सांग, नाव घेऊन सांग. "प्रभू, माझं काही चुकलं असेल तर" अशी मोघम प्रार्थना नको, ती कबुली नव्हे.

आणि एका माणसालाही सांग. याकोब 5:16 एकमेकांजवळ कबुली द्या असं सांगतं, ग्रुपवर पोस्ट टाका असं नाही. पाळकसाहेब असोत, मंडळीतला एखादा मोठा दादा असो, जो तोंडाचा घट्ट आहे असा माणूस निवड. रात्री अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत, आईच्या उशाशी चार्जिंगला लाव. आई विचारेल का, तर सांग झोप लागत नाही. खोटं नाहीये ते.

पाचव्या अध्यायातलं "मरणासाठी असलेलं पाप" म्हणजे काय, हा प्रश्न आज मी मुद्दाम उघडला नाही, कारण त्याला अर्धा तास लागेल. तो पुढच्या भागात. तोवर पहिलं योहान पूर्ण वाचून ठेवा, पाचच अध्याय आहेत, लोकलच्या एका प्रवासात होतात. जय ख्रिस्त.