वारसा रक्तातून नव्हे, सहवासातून



मायदेश सोडून दूर गेलेल्या माणसाच्या व्यथेविषयी आपण पुष्कळ वाचतो. त्याच्या नातवाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. आजोबांना निदान आठवणी असतात. नातवाच्या हाती उरते ते एक आडनाव, क्वचित एखादे जुने छायाचित्र आणि आजीने शिकवलेला एखादा पदार्थ. एवढ्या शिदोरीवर तो आपल्या पूर्वजांच्या संस्कृतीपर्यंत पोहोचू शकेल काय? या प्रश्नाचा विचार आज आपण हंगेरियन समाजाच्या उदाहरणावरून करू.

हंगेरी हा मध्य युरोपातील, एक कोटीहूनही कमी लोकसंख्येचा देश. तेथील लोक स्वतःला मग्यार म्हणवतात. भोवती जर्मन, स्लाव्ह आणि रुमानियन भाषा बोलणारे समाज आणि मध्ये ही एकाकी भाषा! तिचे दूरचे नाते फिनलंड आणि एस्टोनियाच्या भाषांशी आहे. या समाजावर विखुरले जाण्याची वेळ अनेकदा आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत गरीब शेतकरी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोच्या खाणींत व पोलाद कारखान्यांत राबण्यासाठी गेले. १९०७ च्या डिसेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातील डार खाणीत स्फोट होऊन २३९ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत अनेक हंगेरियन होते. पुढे १९२० च्या त्रियानॉन तहाने हंगेरीचा सुमारे दोनतृतीयांश प्रदेश शेजाऱ्यांकडे गेला आणि तीस लाखांहून अधिक मग्यार घर न सोडताच परदेशस्थ झाले. १९५६ चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यावर सुमारे दोन लाख लोकांनी देश सोडला. एकट्या कॅनडाने त्यांतील सुमारे ३७ हजारांना आश्रय दिला.

यातून काय उरले? अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत सुमारे १४ लाख लोकांनी आपले मूळ हंगेरियन असल्याचे नोंदवले. घरात हंगेरियन बोलणारे मात्र सुमारे १ लाख १८ हजार होते. म्हणजे मूळ सांगणाऱ्या बारा जणांमागे भाषा बोलणारा जेमतेम एक! या दोन आकड्यांत सारी कहाणी सामावली आहे. वंशाची जाणीव टिकते. संस्कृती मात्र हातातून निसटते.

भाषा गेली की नेमके काय जाते? हंगेरियनमध्ये आडनाव आधी आणि नाव नंतर येते. माणसाची ओळख कुळापासून सुरू होते. थोरल्या आणि धाकट्या भावासाठी, थोरल्या आणि धाकट्या बहिणीसाठी तेथे वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजीत वाढलेल्या नातवाला या भावंडांतील मानाची उतरंड कळायची कशी? खाद्यपदार्थांचेही तसेच. ज्याला जग गुलाश म्हणून ओळखते, त्या शब्दाचा मूळ अर्थ गुराखी. माळरानावर कढईत शिजवलेले ते गुराख्यांचे पातळ कालवण. परदेशात मात्र तो दाट रश्श्याचा पदार्थ होऊन बसला. चव उरली, पण गुराखीही गेला आणि माळरानही.

बरे, नातवाने मुळे शोधायची ठरवली तरी वाट सोपी नाही. हंगेरीत १८९५ पर्यंत जन्ममृत्यूच्या नोंदी धर्मसंस्थांच्या वह्यांत होत असत. त्या चाळायच्या तर आधी गाव ठाऊक हवे. आजोबा ज्याला पोझोन्य म्हणत, ते आज स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा आहे. त्यांचे कोलोझ्वार आज रुमानियातील क्लुज-नापोका आहे. आजोबांचे गाव जागेवरच आहे, परंतु नव्या नकाशावर ते त्या नावाने सापडत नाही. अशा वेळी वाट दाखवणारे माणूस लागते.

हे काम कोणी केले? सर्वप्रथम निर्वासितांनीच. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांत राहणाऱ्या हंगेरियनांनी आपल्या मुलांची बालवीर पथके उभी केली. पुढे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका अशा ठिकाणी ती रुजली. शिबिरात मातृभाषेतच बोलायचे आणि पथकप्रमुख व्हायचे तर हंगेरीचा इतिहास, भूगोल व साहित्य शिकायचे, हा त्यांचा दंडक. सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या भाषाशाळा आणि समाजमंदिरे यांनी त्याला जोड दिली. शिक्षक कोण? आठवडाभर नोकरी करून रविवार देणारे आईबाप!

दुसरे साधन लोकनृत्याचे. बार्तोक आणि कोदाय या संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खेडोपाडी फिरून लोकगीते ध्वनिमुद्रित केली होती. १९७२ मध्ये बुडापेस्टच्या तरुणांनी ट्रान्सिल्व्हेनियातील खेड्यांच्या धर्तीवर 'तान्त्सहाझ', म्हणजे नृत्यघर, सुरू केले. तेथे रंगमंच नाही, प्रेक्षक नाहीत. जो येईल त्याने जाणत्याचा हात धरून पावले शिकायची. २०११ मध्ये युनेस्कोने वारसा जपण्याची आदर्श पद्धत म्हणून तिची नोंद घेतली. ही पद्धत परदेशस्थांच्या वस्त्यांतही पोहोचली. ज्याची जीभ मातृभाषेत अडखळते, त्याचे पाऊलही प्रथम ताल चुकते. पण नाचता नाचता गाण्याचे शब्द ओठांवर येतात, हे या पद्धतीचे मर्म आहे.

शासनाचा हात नंतर लागला. २०१० च्या कायद्याने हंगेरियन वंशाच्या परदेशस्थांना नागरिकत्व मिळवणे सुलभ झाले आणि २०१७ अखेर लाभार्थींची संख्या दहा लाखांवर गेली. या कायद्याने पूर्वजांच्या पुराव्याबरोबर भाषेचे ज्ञानही मागितले, हे विशेष. २०१३ मध्ये एक योजना सुरू झाली. तिच्याद्वारे तरुण शिष्यवृत्तीधारक दूरदेशीच्या मग्यार वस्त्यांत काही महिने राहून भाषा, नृत्य आणि बालवीरांचे उपक्रम शिकवू लागले. यात राजकारणही असते. नव्या नागरिकांना मतदानाचा हक्क मिळाल्यावर हंगेरीत त्यावरून वाद झडले. पण पारपत्र देणे सोपे असते, संस्कार देणे कठीण, हे सर्वच पक्षांना लागू पडणारे सत्य आहे.

२०१३ च्या या योजनेला ज्याचे नाव दिले गेले, त्याचा भारताशी ऋणानुबंध आहे. शांडोर चोमा यांचा जन्म १७८४ साली ट्रान्सिल्व्हेनियात झाला. मग्यारांचे मूळ आशियात कोठेतरी असावे, या श्रद्धेने ते १८१९ मध्ये निघाले आणि १८२२ मध्ये लडाखला पोहोचले. झांस्करच्या जीवघेण्या थंडीत एका लामांजवळ बसून त्यांनी तिबेटी भाषा आत्मसात केली. १८३४ मध्ये कोलकात्यात त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. १८४२ मध्ये दार्जिलिंगला त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे. पूर्वजांचे मूळ त्यांना सापडले नाही. परंतु परकी संस्कृतीसुद्धा जाणत्याजवळ बसल्याने आपलीशी होते, हे त्यांनी दाखवून दिले. मग स्वतःची का होणार नाही?

येथे बसलेल्या अनेकांची नातवंडे परदेशी वाढत असतील. हंगेरियनांचा अनुभव त्यांना सांगतो की, वारसा आपोआप उतरत नाही. कोणीतरी वेळ काढून शेजारी बसावे लागते, चुकलेला शब्द न हसता दुरुस्त करावा लागतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यावे लागते. आजोबांची भाषा जाणणारे हयात आहेत तोवरच हे शक्य आहे.